एकाच गवंड्याची दोन घरं

२१ जानेवारी २०२५ ला आईच्या माहेरचं घर विकलं. रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पहिला फोन फिरवल्यापासून खरेदीखतावर सह्या होईपर्यंत वीस महिने गेले. मी सोलापुरात राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. जमिनीच्या कागदांशी माझा संबंध जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेवढ्यापुरताच. या वीस महिन्यांत अनेकदा वाटलं की कुणीतरी हे आधी लिहून ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे. व्यवहारात दुसरी माणसंही आहेत, त्यामुळे गावाचं नाव आणि कुणाचीच नावं देत नाही.

घरं दोन होती. १९८८ साली आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं एकाच गवंड्याकडून, एकाच मापाची बांधून घेतली. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मधे माजघर, मागे परसू. मे महिन्यात आम्ही सोलापूरहून रात्री उशिरा पोचायचो तेव्हा मी आणि भाऊ अंधारात चुकीच्या घरात शिरायचो आणि तिथली आजीही न विचारता पानं मांडायची. आमचं पुढचं, समुद्राकडचं. धाकट्या आजोबांचं मागचं, रस्त्याकडचं. दोन्हींमध्ये साठेक मीटर अंतर, सुपारीचं आगर.

मागचं घर २०२२ मध्ये चुलतमामानं पुण्याच्या एका गृहस्थांना ३६ लाखांना विकलं. आजी २०१९ मध्ये गेली, त्यानंतर आमचं घर बंदच होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं पडवीची कौलं उडवली, तेव्हापासून दर पावसाळ्यात भिंती ओल धरत होत्या. मे २०२३ मध्ये थोरला मामा डोंबिवलीहून सोलापूरला आला होता, तेव्हा विकायचं ठरलं. सगळ्यांचं गणित सोपं होतं. तेच घर, उलट समुद्राला जवळ, म्हणजे चाळीस तरी यावेत. मी तिथल्या एका एजंटला फोन केला. त्यानं गट नंबर विचारला, दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, "ताई, सतरा. फार तर साडेसतरा."

आई दोन दिवस गप्प होती. तिला पैशाचं वाईट वाटलं नव्हतं. आपल्या वडलांच्या घराला कुणीतरी अर्ध्याहून कमी म्हणालं, हे तिला लागलं होतं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मी आणि मिस्टर पहिल्यांदा गेलो. पंढरपूर, विटा, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण. पहाटे चारला निघून दुपार टळल्यावर पोचलो. चिपळूणला एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही, आधी दोन्ही गटांचे सातबारे मागितले आणि शेजारी शेजारी ठेवले. मागच्या घराच्या उताऱ्यावर एकच नाव होतं आणि जमीन अकृषिक झालेली होती. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. आणि जमीन शेतीची.

त्या तासाभरात त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. पहिली गोष्ट रेषेची. समुद्राच्या भरतीची जी कमाल रेषा सरकारी नकाशावर आखलेली असते, तिच्यापासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रात येतो. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, पुढे २०११ ची, आता २०१९ ची. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावात या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत ही मर्यादा ५० मीटरवर आणली आहे, पण २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात तिथेच. आमचं गाव त्यात बसत नाही. जुनं, अधिकृत घर असेल तर ते दुरुस्त करता येतं, पडलं तर पुन्हा बांधताही येतं, पण तेवढ्याच जोत्यावर, तेवढंच. माळा चढवायचा नाही, खोली वाढवायची नाही.

"तुमचं घर एकशेसत्तरच्या आसपास आहे, मागचं दोनशेतीसला," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या साठ मीटरच्या आगरात कुठेतरी ही रेषा होती. मागच्या घराला दोनशेच्या पलीकडेही नियम आहेत, उंची ९ मीटर, तळमजला आणि वर एक मजला, पण बांधायला वाव तरी आहे. लहानपणी आम्ही ज्या आगरात लपाछपी खेळायचो तिथून ही रेषा जाते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तुम्ही असं घर घेणार किंवा विकणार असाल तर वाळूत उभं राहून मोबाइलवर अंतर मोजू नका. मी मोजलं होतं, १४० आलं होतं. ते ना भरतीच्या रेषेपासून होतं, ना नकाशावरचं. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मंजूर नकाशा बघायचा, तेवढंच ग्राह्य.

दुसरी गोष्ट सोलापूरकराला कळायला सोपी. शेतजमीन फक्त शेतकरीच घेऊ शकतो, कूळ कायद्याचं कलम ६३. मागचं घर कुणीही घेऊ शकत होतं, आमचं घर घेणाऱ्याकडे स्वतःचा सातबारा हवा. तिसरी गोष्ट कर्जाची. दोनशेच्या आतलं, शेतजमिनीवरचं घर म्हटल्यावर बँका सहसा हात आखडता घेतात. मग उरतात ते फक्त रोख शिल्लक असलेले शेतकरी. गिऱ्हाईकच दहातलं एक उरतं आणि त्याला ते ठाऊक असतं. रेडी रेकनरमध्ये हे काही दिसत नाही. तो गावाचा आणि जमिनीच्या प्रकाराचा दर देतो, मुद्रांक शुल्क भरण्यापुरता.

मी विचारलं, "मग यातलं बदलता काय येईल?" त्या म्हणाल्या, "रेषा नाही बदलणार. बाकी कागद स्वच्छ करा. एजंट सतरा म्हणाला तो या सगळ्या अंधाराचा भाव आहे."

वारस नोंदीपासून सुरुवात केली. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो, मी सोलापुरातूनच केला, २० नोव्हेंबरला. वारस चौघं: आई, थोरला मामा, वारलेल्या धाकट्या मामाची बायको आणि त्यांची मुलगी. एका नातेवाईकांनी मामाला सुचवलं होतं की बहिणीकडून हक्कसोड घेऊन टाक, काम हलकं होईल. मामानं मला फोन केला आणि म्हणाला, "ताईचं नाव सगळ्यात वर घाल." ते मी कधी विसरणार नाही. अर्ज एकदा परत आला, कारण धाकट्या मामाच्या मृत्यूच्या दाखल्यावर वडलांचं नाव वेगळं पडलं होतं. त्यासाठी मामीचं प्रतिज्ञापत्र केलं. मग फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पडला, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. २ फेब्रुवारी २०२४ ला नवा सातबारा हातात आला. एक सांगते: अर्जाआधी सगळ्या मयतांचे दाखले, आधार, शाळेचे दाखले एका टेबलावर मांडून नावातलं एकेक अक्षर जुळवून बघा. आमचे पाच आठवडे एका नावापायी गेले.

आई तेव्हा चौऱ्याहत्तरची, गुडघ्यांमुळे घाट झेपत नाही. तिनं मला तिच्या वतीनं सही करायचं कुलमुखत्यारपत्र दिलं, सोलापुरातच दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. मोबदल्याशिवाय आईनं मुलीला दिलेलं, त्यामुळे ५०० रुपयांच्या मुद्रांकावर झालं. नुसत्या नोटरीवर घर विकता येत नाही.

फेब्रुवारीतच मोजणीचा अर्ज टाकला. जास्त फी भरली की लवकर होते, आम्ही साधी निवडली आणि तीन महिने थांबलो. एकदा तारीख मिळाली, आम्ही चारशे किलोमीटर जाऊन पोचलो आणि मोजणीदार आलेच नाहीत, दुसऱ्या कामावर गेल्याचं संध्याकाळी कळलं. परतीच्या वाटेवर घाटात मिस्टर एक शब्द बोलले नाहीत. दुसरी तारीख १६ मे २०२४. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, आणि लगतच्या धारकांना नोटिसा पोचल्या का तेही विचारा.

मोजणी झाली, हद्दीचे दगड सापडले, आणि क प्रतीच्या, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या हद्दीच्या नकाशात ते दिसलं जे छत्तीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत येणारी वाट पूर्णपणे मागच्या गटातून जाते. आमच्या गटाला स्वतःचा रस्ताच नाही. दोघा भावांना वाट लिहून ठेवायची गरज कधी वाटली असणार? आता तिथे पुण्याच्या गृहस्थांची भिंत आणि लोखंडी फाटक होतं. ते आम्हाला कधी अडवत नव्हते, पण कुलूप त्यांचं होतं. कागदावर वाट नसलेलं घर कोण घेईल? मला वाटतं, सतरा लाखांतली सगळ्यात मोठी वजाबाकी हीच होती, आणि ती मला एजंटनंही सांगितली नव्हती.

त्या रात्री आम्ही घरातच मुक्काम केला. सकाळी सहाला परसात आवाज आला म्हणून बाहेर आले, तर मागच्या घराची राखण करणाऱ्या काकी आमच्या विहिरीवर पाणी शेंदत होत्या. दोन कळश्या, एक बादली. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, "अगो, आमच्याकडचं तोंडात धरवत नाही." त्यांनी मला मागे नेलं. नळांच्या तोट्यांवर पांढरं मीठ चढलं होतं, गिझर वर्षात दोनदा जळला होता. गृहस्थांनी घर घेतल्यावर दोनशे फुटांची बोअर मारली होती. पहिल्या वर्षी पाणी चांगलं लागलं, दुसऱ्या एप्रिलपासून मचूळ, आता खारं.

मी आमच्या विहिरीशी परत आले. जांभ्यात बांधलेली, बावीस फूट, आत उतरत्या पायऱ्या, काठावरच्या चिऱ्याला दोराच्या घासण्यानं बोटभर खोल खाच पडलेली. ती खाच आजीच्या हातची. पोहरा सोडला, पाणी काढलं, चाखलं. मेचा मध्य, पावसाला अजून तीन आठवडे, आणि पाणी गोड. सोलापुरात आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ड्रम भरून ठेवतो, त्या माणसाला अशा पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. आई नेहमी सांगायची की या पाण्यात तूरडाळ दोन कढांत शिजते. विकायच्या सगळ्या बोलण्यात विहिरीचा विषय मीच कुठे काढला नव्हता.

समुद्राकडची विहीर गोड आणि मागची बोअर खारी, हे आधी उलटं वाटलं. गावातल्या निवृत्त मास्तरांनी समजावलं. किनाऱ्यावर जमिनीतलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी असतं, पण वरून पंपानं भराभर उपसलं की पातळी उतरते आणि खालून खारं वर चढतं. उथळ विहिरीतून बेतानं शेंदलं तर ती टिकते. खोल बोअर थेट खाऱ्याजवळ जाऊन बसते.

मग गृहस्थांना पुण्याला फोन केला. मी ताणून बोलायच्या तयारीत होते, पण ते शांतपणे म्हणाले, "बाई, मला पाणी द्या, तुम्ही वाट घ्या." पावसाळा गेला, ते सप्टेंबरमध्ये आले. वकीलबाईंनी दस्त केला आणि २७ सप्टेंबर २०२४ ला तो नोंदवला. त्यांच्या गटातून आम्हाला दहा फुटांची कायमची वाट, नकाशासह, दोन्हीकडच्या वारसांवर आणि पुढच्या मालकांवर बंधनकारक. आमच्या विहिरीतून त्यांना रोज एक हजार लिटर, अर्ध्या अश्वशक्तीहून मोठा पंप लावायचा नाही, एप्रिल-मेमध्ये पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेली की दोघांनीही थांबायचं. ही शेवटची अट मी हट्टानं घातली. वकीलबाईंची फी १२,००० झाली. या सगळ्या प्रवासात माझ्या मते सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे ते.

एक काम राहिलं होतं. घर १९९१ च्या, म्हणजे सीआरझेडच्या पहिल्या अधिसूचनेच्या आधीचं आहे हे दाखवणारा कागद. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असणं चालत नाही. ग्रामपंचायतीत जुनी असेसमेंट रजिस्टरं, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवह्या, खराब झाल्याचं दोनदा सांगितलं गेलं. मी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. सव्विसाव्या दिवशी फोन आला, या. १९८८-८९ चं रजिस्टर, कसरीनं चाळण झालेलं, पानं उलटताना कोपरे हातात येत होते. निळ्या शाईत आजोबांचं नाव, चिरेबंदी घर कौलारू, लांबी, रुंदी, आणि शेजारच्याच ओळीत धाकट्या आजोबांचं, मापं तीच. दोन भाऊ एकाखाली एक. साक्षांकित प्रत घेतली, आणि घरी आल्यावर आईसाठी तिची आणखी एक झेरॉक्स काढली.

आता घर दाखवायला काढलं. पहिले आले ते सोलापूरचेच एक डॉक्टर. घर आवडलं, पण त्यांच्याकडे सातबारा नव्हता. मुंबईच्या एका जोडप्याकडे होता, पण त्यांच्या बँकेच्या माणसानं नकाशा बघून नकार दिला. तिसऱ्यांनी २८ म्हटलं, त्यातले दहा रोख देतो म्हणाले. मामा क्षणभर थांबला, मी नाही म्हणाले. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्यात बसत नाही, आणि चार वारसांत रोखीची वाटणी म्हणजे पुढचं भांडण आजच विकत घेणं.

डिसेंबरमध्ये पुण्याच्या गृहस्थांच्या ओळखीतून पाटणकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. फाईल मी त्यांच्यापुढे ठेवली: सातबारा, क प्रत, वाटेचा दस्त, रजिस्टरची प्रत, जागेच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट. त्या माणसानं एकेक कागद वाचला. मग म्हणाला, "मागच्याला छत्तीस गेले म्हणून तुम्ही सांगाल. पण त्याला वर मजला चढवता येईल, विकताना गिऱ्हाईक कुणीही चालेल. मला हे असंच सांभाळायचंय आणि उद्या विकायचं तर पुन्हा शेतकरीच शोधायचाय." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पूर्ण गट विकायचा होता, त्यामुळे तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीचा, प्रश्न नव्हता. साडेसव्वीस लाखांवर ठरलं. रात्री आईला फोनवर सांगितलं. तिनं आकडा ऐकला आणि विचारलं, "विहीर वापरणारेत का?" होय म्हटल्यावर बरं म्हणाली.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा, अक्षता सोहळा आटोपून आम्ही निघालो. मामा, मामी, मामेबहीण परस्पर आले. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरून ठेवली होती, तरी नोंदणीला साडेचार तास लागले. सर्व्हर मधेच बंद पडला, मामीच्या बोटांचे ठसे उमटेनात. मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि कुलमुखत्यारपत्राची मूळ प्रत सोबत हवीच. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. आमच्या व्यवहारात २६,५०० झाली, ती आणि मुद्रांक शुल्क खरेदीदारांनी भरलं. पैसे चारही खात्यांत वेगवेगळे वळते केले, जागच्या जागी. वीस महिन्यांतला माझा एकूण खर्च, मोजणी, वकील, दस्त, प्रती आणि सहा खेपा धरून, १,१८,००० रुपये, तो हिश्शानं वाटून घेतला. भांडवली नफ्यावरच्या कराच्या हिशेबाला घराची १ एप्रिल २००१ ची किंमत लागते, ती मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून विक्रीआधीच काढून ठेवा, नंतर धावपळ होते.

किल्ल्या द्यायला घरी गेलो. खरेदीदारांच्या पत्नी सरळ परसात गेल्या, दोर पारखला, पोहरा सोडला. दोर बरोबर त्या खाचेत बसला. मी पाच लिटरचा कॅन घेऊन गेले होते, त्यांना विचारून तो भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला पोचलो. आईनं त्यातलं तांब्याभर पाणी देवापुढे ठेवलं, उरलेल्या पाण्यात वरणाला तूरडाळ लावली, कुकर न वापरता, पातेल्यात. थोड्या वेळानं झाकण काढून डाळीचा दाणा बोटांत दाबून मला दाखवला आणि म्हणाली, "बघ, सोडा घातलेला नाही."